अर्ध्या भाकरीचा अर्थ

इंदू,

परवाच्या रविवारी देवरेकाकांनी खालून दुकानातून पूजेची एक सुपारी आणली आणि सवयीने तुझ्या खुर्चीसमोर ठेवली. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आता ती उचलायची की राहू द्यायची, हे त्यांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नियम माझा होता. मलाही कळेना. मग सुपारी तशीच राहिली आणि आम्ही सहा जण तिच्याकडे बघत चहा प्यायलो.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि सगळे मला विचारतायत, बाई, तुम्ही इंदूताईंवर लिहिणार ना? पस्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, दुसऱ्यांच्या लिहिण्यावर तासन्‌तास बोलले, त्यामुळे लोकांना वाटतं मला लिहिता येत असेल. स्वतःची म्हणून एक ओळ मी कधी लिहिली नाही. तू म्हणायचीस, "शैले, तू म्हंजे लग्नाला जाऊन जेवणाला नावं ठेवणारी. कधी चुलीपुढं बस की." आता बसलेय, तर नुसता धूर डोळ्यांत जातोय.

हे मी पुढच्या बैठकीत मंडळात वाचणार आहे. तिथे दोन नवी माणसं यायला लागलीत, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगते. तू कंटाळशील. कंटाळ.

आमचं मंडळ म्हणजे पंचवटीत देवरेकाकांच्या पूजासाहित्याच्या दुकानावरचा माळा. महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी चार. एकाने स्वतःचं लिहिलेलं वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. अडचण एकच होती, लिहिणारा गप्प बसत नसे. "मला तसं म्हणायचं नव्हतं" इथून सुरुवात व्हायची आणि मूळ कवितेपेक्षा खुलासा लांबायचा. एकदा काकांनी आपल्या आठ ओळींच्या कवितेचा अर्थ पाऊण तास सांगितला. माझं डोकं उठलं. मी खाली गेले, पूजेची एक सुपारी आणली आणि त्यांच्या हातावर ठेवून म्हटलं, "ही गालात धरा. आमचं बोलून होईपर्यंत काढायची नाही. लिहून झालं की लिहिणारा मेला असं समजायचं." सगळे हसले. काकांनी सुपारी गालात धरली आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही काकांवर न बोलता कवितेवर बोललो. पूजेची सुपारी दगडासारखी टणक, चावता येत नाही आणि ती तोंडात असताना धड बोलताही येत नाही. तेव्हापासून तोच रिवाज पडला.

लिहिणारा मेला असं समजायचं. हे वाक्य मी किती ऐटीत म्हणायची. आता आठवलं की वाटतं, माझी जीभ झडली कशी नाही.

तू आलीस ती कापूर घ्यायला. सुरगाण्याकडच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होतीस, निवृत्त होऊन म्हसरूळला मुलाकडे, प्रकाशकडे, राहायला आलेलीस. वर आरडाओरडा ऐकून जिना चढलीस, कुणाला लागलं-बिगलं असेल म्हणून. बघतेस तर एक बाई गाल फुगवून बसलेली आणि पाच जण तिच्या गोष्टीची चिरफाड करतायत. दारातूनच विचारलंस, "यांच्या दाताला काय झालंय?"

मी तुला नियम समजावला. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना समजवायची त्याच आवाजात. तू नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे पेशंटला गप्प बसवायचं आन बाकीच्यांनी ठरवायचं त्याला कुठं दुखतंय?"

मी म्हटलं, "पेशंट म्हणजे गोष्ट, लिहिणारा नव्हे."

"गोष्टीला कुठं दुखतंय? दुखलं कुणाला तरी, म्हणून तर लिहिलीय."

हा वाद आपण पुढची बारा वर्षं घातला. रिक्षात, घाटाच्या पायऱ्यांवर, भाजीबाजारात मेथीच्या जुड्या निवडताना. माझं म्हणणं, अर्थ मजकुरात असतो आणि वाचणाऱ्याला त्याच्या कुवतीप्रमाणे मिळतो. लिहिणाऱ्याला विचारणं म्हणजे गणित न सोडवता पुस्तकाच्या शेवटची उत्तरं बघणं. तुझं म्हणणं, गोष्ट म्हणजे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय. सांगणारा समोर जिवंत बसलेला असताना त्याला विचारायचं नाही, हे कुठलं शास्त्र? मी तुला सोदाहरण उत्तर द्यायची. तू जुडीतली पिवळी पानं काढत म्हणायचीस, "बरं बाई, तू शिकलेली." त्या "बरं बाई"त जेवढा विरोध असायचा, तेवढा मला कुठल्या चर्चासत्रात झाला नाही.

मग तू लिहायला लागलीस. नियम तुला पटला नव्हता, पण मोडला कधी नाहीस. तुझी पाळी आली की सुपारी गालात धरून शहाण्या मुलीसारखी बसायचीस आणि नंतर ती सुपारी धुऊन, पुसून घरी न्यायचीस. औषधाच्या रिकाम्या बाटलीत जमवून ठेवायचीस.

तुझी ती काट्याची गोष्ट आठवते? नागलीच्या शेतात रोपं लावता लावता एक बाई मध्येच खाली बसते आणि उठत नाही. मी वीस मिनिटं बोलले. म्हटलं, ही तिची बंडखोरी आहे, जमिनीशी तिने केलेला असहकार आहे. माझं झाल्यावर तू सुपारी काढलीस आणि म्हणालीस, "अगं, तिच्या पायात काटा मोडलाय. वरच्याच ओळीत लिवलंय." खरंच लिहिलं होतं. मोठा अर्थ काढायच्या घाईत मी ती ओळ ओलांडून पुढे गेले होते. सगळा माळा हसला आणि मी आठवडाभर तुझ्यावर रुसले. पण त्या दिवसापासून मी सावकाश वाचायला लागले. वाचायला कुणी शिकवलं असं मला कुणी विचारलं, तर मी कॉलेजातल्या सरांची नावं सांगते. तुझं नाव सांगायला हवं होतं आणि ते तू असताना, चारचौघांत सांगायला हवं होतं.

आता इतका वेळ जे टाळतेय ते सांगते.

पाच वर्षांपूर्वी तुझी आई गावी अंथरुणाला खिळली आणि तू तिच्यापाशी जाऊन राहिलीस. एका सकाळी तुझा फोन आला. रेंज मिळावी म्हणून टेकडी चढून केला होतास, तुला धाप लागली होती. "शैला, आता फार दिस नाय राहिलं तिचं. शनिवारी येशील? मला एकटीला नाय झेपत गं. मी स्टँडवर येते घ्यायला."

मी म्हटलं, "येतेच."

तिला आयुष्यभर दुसऱ्यांची मरणं झेपली होती. तीस वर्षांत किती जणांचे डोळे तिने मिटले असतील. ती मला म्हणाली, एकटीला झेपत नाही. बघ, तुझ्याबद्दल बोलताना मी "ती" म्हणायला लागले. तोंड चुकवायची सवय जात नाही.

त्या शनिवारी कॉलेजात चर्चासत्र निघालं. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि मला निबंध वाचायचा मान दिला होता. विषय होता वाचकाचं स्वातंत्र्य. हस, मी ऐकून घेते. मी तुला दोनदा फोन लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. मनाची समजूत घातली की मी आले नाही म्हणजे काहीतरी काम निघालं असेल, हे तुला कळेलच. रविवारी सकाळी तुझी आई गेली. मी दहाव्याला आले, काकांबरोबर, गाडी करून. तू मला पाण्याचा तांब्या दिलास आणि विचारलंस, "रस्ता लय खराब लागला का?" शनिवारचं तू काढलं नाहीस आणि मीही काढलं नाही.

दोन वर्षांनी तू माळ्यावर स्टँडची गोष्ट वाचलीस. एक बाई एसटी स्टँडवर बसलीय. मांडीवर फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी आहे. शहरातून तिची मैत्रीण यायची आहे, तिला रस्त्यात भूक लागली असेल म्हणून आणलेली. मैत्रिणीला नाव नाही. एवढंच कळतं, की ती एसटीचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचते. गाड्या येतात, जातात. शेवटची गाडीही जाते. मग बाई फडकं सोडते, भाकरी मोडते, अर्धी खाते. उरलेली अर्धी पुन्हा फडक्यात बांधते, गाठ मारते आणि घराकडे चालायला लागते. गोष्ट तिथे संपली. माझा हात माझ्या घड्याळाकडे गेला होता.

मंडळी बोलायला लागली. काका म्हणाले, "आर्धी म्हणजे देवाचा वाटा हो. आपल्याकडं पद्धतच आहे." कुणी म्हणालं, राग आहे तो. मैत्रिणीच्या वाटणीचं स्वतः खाल्लं, संपला संबंध. कुणी म्हणालं, नाही, ती उद्या पुन्हा येणार, अर्धी उद्यासाठी ठेवली. सगळ्यांत जास्त मी बोलले. अपूर्ण संवाद, नात्यातली रिक्त जागा, असलं काहीबाही. मी घाबरले की मोठे शब्द वापरते, हे तुला ठाऊक होतं. माझं चालू असताना तू सुपारी तोंडातून काढून तळहातावर घेतलीस. "शैला, ऐक जरा..."

मी हात वर केला. "नियम म्हणजे नियम!"

सगळे हसले. तूही हसलीस. सुपारी परत गालात ठेवलीस.

चर्चा संपल्यावर लिहिणाऱ्याला बोलता येतं. मी विचारलं, "इंदू, काही सांगायचंय?" तू मान हलवलीस. "नाय. तुम्ही समदं बोललात की." मग जिन्यात मी तुला गाठलं. खालून धुपाचा वास येत होता. मी थेट विचारलं, "ती मैत्रीण म्हणजे मी का?"

तू म्हणालीस, "मला कशाला इचारतेस? लिहिणारी मेली ना?"

"इंदू, थट्टा नको."

"खाई त्याला खवखवे, शैले."

तू ते हसत म्हणालीस. मला ते हसणं टोचलं. मी म्हटलं, हा पोरकटपणा आहे, मनात काही असेल तर तोंडावर बोलावं, गोष्टीआडून माणसावर दगड मारू नये. तुझं हसू गेलं. तू सावकाश म्हणालीस, "बोलत व्हते. तूच हात वर केलास." आणि जिना उतरून गेलीस.

दोन महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस तू नागलीच्या पापडांचा डबा घेऊन दारात उभी राहिलीस, जसं काही झालंच नाही. मी पापड भाजले, आपण खाल्ले, प्रकाशच्या नोकरीवर बोललो. त्यानंतर जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, तेवढी गोष्ट सोडून. मला वाटायचं, विचारू कधीतरी सवडीने. मैत्रीण मीच होते, याबद्दल मला आता शंका नाही. मला विचारायचं होतं ते दुसरंच. ती अर्धी भाकरी तू कुणासाठी बांधलीस? माझ्यासाठी ठेवली असशील, तर मला क्षमा आहे. नुसतीच उरली म्हणून बांधली असशील, तर त्या दिवशी स्टँडवर मी संपले. इतकं साधं होतं आणि तीन वर्षं मला सवड झाली नाही.

शेवटी तुला दवाखान्यात ठेवलं, तिथे भेटायची वेळ दुपारी चार ते पाच होती. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी पलंगाशी स्टुलावर बसले, तर तू हात लांब करून माझं मनगट धरलंस. तुझी दोन बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर टेकली होती. तीस वर्षांच्या सवयीने माझी नाडी बघत होतीस, का पट्ट्यात तिकीट चाचपत होतीस? मग दुसऱ्या हाताने तू मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, "शैला..."

मी मास्क परत लावला. मीच. नर्स नव्हती, डॉक्टर नव्हते. म्हटलं, "बोलू नकोस, दम लागेल. बरी हो, मग बोलू." तू हसलीस, मास्कच्या आत वाफ धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशचा फोन आला. दोनदा तू बोलायला तोंड उघडलंस आणि दोन्ही वेळा मी बंद केलं. पहिल्या वेळी नियम होता, दुसऱ्या वेळी काळजी होती. दोन्ही कारणं चांगली होती. त्यांचं आता मी काय करू?

गेल्या आठवड्यात प्रकाश आला. सिन्नरहून कंपनीतून परस्पर आला होता, अंगावर कामाचेच कपडे. तुझ्या वह्या आणि सुपाऱ्यांची बाटली माझ्यापुढे ठेवली. मंडळ तुझ्या गोष्टींचं पुस्तक काढतंय, हे तुला कळलं असेल का? तो म्हणाला, "मावशी, सुरुवातीला तुम्ही चार शब्द लिहा. आन त्या स्टँडच्या गोष्टीचं तेवढं फोडून सांगा. वाचणारे विचारतील, आर्धी भाकरी कुणाची म्हणून."

मी म्हटलं, "तू आईला कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाली, शैलामावशीला विचार, तिला बरोबर कळलंय."

मी त्याला पुन्हा विचारलं. कशी म्हणाली? हसून? चिडून? त्याला आठवेना. "भाकरी थापत होती, मावशी. पाठ होती माझ्याकडं." मग मी शेवटचा प्रयत्न केला. त्या शनिवारी आई घरी आली तेव्हा हातात फडकं होतं का, त्यात काही होतं का? तो इथेच होता, नाशकात. त्या घरात तुम्ही दोघीच होतात, तू आणि तुझी आई.

तिला बरोबर कळलंय. इंदू, काय कळलंय मला? हा टोमणा होता, की विश्वास होता, की पोराचा प्रश्न टाळायला म्हटलेलं एक वाक्य? मी तुझ्या गोष्टीवर अडून बसले होते, आता तुझ्या या तीन शब्दांवर येऊन बसलेय.

लोक समजतील, बाईंचा सिद्धांत हरला. तसं झालं असतं तर बरं होतं. तो जिंकलाय. तुझी गोष्ट आता कुणालाही विचारत नाही. काकांचा देवाचा वाटा खरा, रागावलेल्यांचा राग खरा, उद्याची वाट बघणाऱ्यांचीही भाकरी खरी. मी जे जे म्हणेन ते खरं आणि म्हणून कशानेच माझं भागत नाही. वाचकाचं स्वातंत्र्य ते हेच. याच्यासाठी मी निबंध वाचत होते आणि तू बाकावर बसली होतीस.

वही रोज उघडते. सावकाश वाचते, तू शिकवलंस तसं. चार दिवसांपूर्वी एक ओळ सापडली, जी मी इतक्या वर्षांत ओलांडून गेले होते. "ती बाकाच्या कडेला बसली होती." मला रडूच फुटलं. वाटलं, जागा ठेवली होतीस, माझ्यासाठी. शेजारी जागा ठेवणारी बाई भाकरीही ठेवेलच. संध्याकाळपर्यंत मी हलकी होते. मग सहज मनात आलं, आपल्याकडे स्टँडवर बाया कडेलाच बसतात. सामान असतं, पोरं असतात, पुरुष येऊन बसतात. पुन्हा होते तिथे आले.

पुस्तकाच्या सुरुवातीला मी काहीच फोडून सांगणार नाही. प्रकाशला तसं कळवलंय, तो म्हणाला, बरं मावशी. त्याऐवजी हे लिहिलं. बैठकीत वाचीन. मंडळात इतकी वर्षं नियम सांगत आले, पण लिहिलंच नसल्यामुळे माझ्या गालात कधी सुपारी आली नाही. या वेळी येईल. ती मी तुझ्या बाटलीतली घेणार आहे. मग सगळे बोलतील. कुणी म्हणेल, इंदूताईंनी केव्हाच क्षमा केली होती, नाहीतर पापड कशाला आणले असते? कुणी म्हणेल, बाई स्वतःलाच फार महत्त्व देतायत. मला मध्ये बोलता येणार नाही, मी ऐकत बसेन.

फक्त काकांना एक सांगितलंय. तुझी खुर्ची राहू द्या, पण तिच्यासमोर सुपारी ठेवू नका. तुझ्यापुरता नियम मी मागे घेतलाय, इंदू. लिहिणारी जिवंत आहे असं समजायचं. माझं तोंड बंद असेल, तू बोल.